ओळखत नाय, उचलत नाय

शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका लेबर कॅम्पच्या जेवणघरात मी दर रविवारी सकाळी मोबाइल शिकवायचे. शिकायला चौदा जण होते. सगळे वारली, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या तीन-चार पाड्यांवरचे. एका ठेकेदाराने त्यांना एकदमच इकडे आणलं होतं, उंच इमारतींना परांची बांधायच्या कामावर. 'जंगलातली माणसं आहेत, उंचीला घाबरत नाहीत,' असं तो म्हणाला होता म्हणे. त्यांच्यातल्या एकाने मला नंतर सांगितलं की पहिले पंधरा दिवस तो सव्विसाव्या मजल्यावर डोळे मिटून नटबोल्ट आवळत होता.

माझी नोकरी दुबईत, ट्रेनिंगची. एखाद्या ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं की तिथल्या लोकांना ते वापरायला शिकवायचं. मी पुण्यात वाढले, लग्न होऊन इकडे आले, त्याला सतरा वर्षं झाली. नवरा, चौदा वर्षांची मुलगी आणि रोजचा जाता-येता मिळून तीन तासांचा ट्रॅफिक, एवढं आमचं आयुष्य. मराठी मंडळाच्या एका मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, की कॅम्पवर आपल्याकडची काही आदिवासी माणसं आहेत, त्यांना फोन वापरता येत नाही, कोणीतरी शिकवायला हवं. मी हात वर केला. मला वाटलं होतं, दोन-तीन रविवारांचं काम असेल.

चौदांपैकी नऊ जणांना अक्षरओळख नव्हती. बाकीचे आश्रमशाळेत चौथी-पाचवीपर्यंत गेलेले. मी ठरवलं, अक्षरांशिवाय शिकवायचं. ॲपची नावं रंगांवरून ठेवली. 'हिरव्या'वर आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो, पण त्याच्यावरचा कॉल इथे नुसता वाजतो, बोलणं होत नाही. बोलायचं असेल तर 'निळं', आणि तेही समोरच्याकडे असेल तर. प्रत्येक नंबराला चित्र लावायचं. कॅम्प बॉसच्या नंबराला बसचा फोटो, सुपरवायझरच्या नंबराला पिवळं हेल्मेट. महिन्याभरात सगळे जण चित्रं बघून फोन लावायला लागले, तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "वाचता न येणाऱ्या माणसाला फोन शिकवता येतो, फक्त डोकं लावायला हवं."

त्या चौदांमध्ये एक जण होता, तिशीतला, बारीक अंगाचा. मागच्या बाकावर, पाण्याच्या कूलरजवळ बसायचा. बोलायचा कमी, पण एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा विचारायचा नाही. त्याने इकडे येण्यापूर्वी बायकोला एक साधासा स्मार्टफोन घेऊन दिला होता. पाड्यावर रेंज नव्हती. पाड्यामागच्या टेकाडावर चढलं की दोन काड्या यायच्या. बायको रोज संध्याकाळी टेकाडावर जायची. रविवारी मी जे शिकवलं ते तो सोमवारी कामावरून सुटल्यावर बसमध्ये बसून, आवाजात, एकेक पायरी करून तिला पाठवायचा.

"माझा वर्ग तिकडे पण भरतो, ताई," तो मला एकदा म्हणाला.

तिने काढलेला पहिला फोटो त्याने मला दाखवला होता. त्यात तिचा अंगठाच होता, अख्ख्या स्क्रीनभर. त्याच्याखाली तिने पाठवलेला आवाज होता, नुसतं हसणं. तो ते हसणं वर्गात सगळ्यांना ऐकवायचा आणि स्वतः लाजायचा. तेव्हा तिला सहावा महिना होता. त्यांचं पहिलंच मूल.

मग ती चोरीची गोष्ट झाली. वर्गातल्या एका थोराड माणसाला फोन आला. हिंदीत बोलणाऱ्या कोणीतरी सांगितलं, मी पोलिसांकडून बोलतोय, तुझं कार्ड ब्लॉक होणार आहे, आत्ता फोनवर जो आकडा येईल तो वाच. त्याला अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. त्याने वाचले. खात्यात जे काही होतं ते गेलं. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी कॅम्प बॉसने मला फोन केला, "मॅडम, यह आदमी को कुछ समझाओ."

पुढच्या रविवारी मी फक्त हाच धडा घेतला. मला संताप आला होता आणि त्या संतापात मी तो धडा फार चांगला शिकवला. मी स्वतः चोर झाले. एकेकाच्या समोर उभी राहून, आवाज बदलून फोन करायचे: "हॅलो, मी बँकेतून बोलतेय." त्यांनी न बोलता कट करायचं. मग आवाजी मेसेज आला तर? ऐकायचा नाही, कारण ऐकलं की माणूस भुलतो. मग तो लाल शब्द दाबायचा, की तो नंबर पुन्हा येतच नाही. शेवटी मी त्यांना एक ओळ करून दिली आणि शाळेत पाढे म्हणतात तशी म्हणून घेतली. "ओळखत नाय, उचलत नाय. ऐकत नाय, लाल दाब."

जेवणघर दणाणून गेलं. स्वयंपाकी बाहेर येऊन बघत उभा राहिला.

तेवढ्यात कूलरजवळचा तो मागून म्हणाला, "ताई, आमच्याकडे कोणाच्या पण फोनवरून फोन येतो. ज्याचा चार्ज असेल त्याच्यावरून."

मी त्याला काय उत्तर दिलं ते मला शब्दनशब्द आठवतं. मी म्हटलं, "घरच्यांना सांगून ठेवायचं, घरच्याच नंबरावरून करा. दुसऱ्या नंबरावरून केलात तर मी उचलणार नाही. एकदा सवय लागली की होतं सगळं."

त्याने मान हलवली. सोमवारी बसमधून त्याने हाही धडा बायकोला पाठवला असणार.

मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी त्या धड्याचं दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन दिलं. लोकांनी कौतुक केलं. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर राहणाऱ्या एक बाई म्हणाल्या, आमच्या बिल्डिंगमधल्या मेड्सनाही शिकवा ना हे. मला त्या दिवशी फार छान वाटलं होतं.

त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी वर्ग सुरू करताना नेहमीप्रमाणे विचारलं, "काय, या आठवड्यात कोणाला चोराचा फोन आला?"

कूलरजवळचा तो उभा राहिला. स्वतःहून तो कधी उभा राहत नसे.

"बुधवारी मला आला, ताई. हिरव्यावर. तीनदा वाजला. चित्र नव्हतं. मी नाय उचलला. मग आवाज पाठवला त्याने. मी नाय ऐकला. लाल दाबला."

मी वर्गाला टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्यांनी जोरात वाजवल्या. तो लाजून हसत होता. मग माझ्या डोक्यात आलं, हा आवाजी मेसेज सगळ्यांना ऐकवू या. चोर कसा बोलतो, कसा गोड बोलतो, ते सगळ्यांना कळेल. मी त्याचा फोन घेतला. नंबर भारतातला होता. तेव्हाही माझ्या मनात काही आलं नाही, चोर भारतातूनही फोन करतात. मी सोबत आणलेला छोटा स्पीकर जोडला, आवाज पूर्ण मोठा केला आणि दाबलं.

बाईचा आवाज होता. वारली ऐकायला मराठीच्या जवळची वाटते, पण ती माझी मराठी नव्हे, मला तुटक तुटक शब्द कळले. सुरुवातीला मला वाटलं, चोरांनी आता वारली बोलणारी बाईही ठेवली की काय. इतकी मी माझ्या धड्यात अडकले होते. पण पुढच्या बाकावरच्या माणसाने डोक्याला हात लावला. तो मात्र उठून माझ्याकडे आला, माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. आवाज स्पीकरमधून येत होता, फोनमधून नाही, तरी त्याने तो कानाला लावून धरला.

अडतीस सेकंदांचा मेसेज. त्यातला शब्द न शब्द मला नंतर दुसऱ्या एकाने समजावून सांगितला. ती म्हणत होती: मी आहे. हा नंबर आपला नाही, सिस्टरचा आहे. आपला फोन घरी राहिला. तू उचलणार नाहीस हे मला माहीत आहे, तूच सांगितलंस. म्हणून आवाज धाडते. डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काळं येतंय. पाय सुजलेत. आता मला नाशिकला नेतायत. तुझी आई सोबत आहे. भीती वाटते. एकदा बोल.

मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला, साधा कॉल. जव्हारच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उचलला. मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं. त्या ओरडल्याच माझ्यावर.

"कुठे होता तिचा नवरा? बुधवारी ती माझा हात सोडत नव्हती, एकदा बोलू द्या म्हणून. तीन वेळा लावला. तिला ॲम्ब्युलन्समध्ये घालून दिलं तोवर ती फोनकडेच बघत होती. गुरुवारीही मी दोनदा मेसेज केले, जातच नव्हते."

ते मेसेज जाणारच नव्हते. लाल दाबलं होतं.

"आता कशी आहे ती?" मी विचारलं.

त्यांना नक्की माहीत नव्हतं. नाशिकला विचारून सांगते म्हणाल्या. पंचवीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. तोवर जेवणघरात कोणी जागचं हललं नव्हतं. वाटेत तिला झटके आले होते. गुरुवारी ऑपरेशन करून मूल काढलं. मुलगी झाली, वजन फार कमी, काचेच्या पेटीत आहे. आईच्या मेंदूत रक्तस्राव झालाय, शुक्रवारपासून मशिनवर आहे.

मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो रडेल. त्याने फक्त विचारलं, "ती ऐकू शकते का?"

मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मी नाही सांगू शकत, ताई. त्याला पाठवा लवकर."

त्याला पाठवायचं म्हणजे आधी सुटी हवी आणि पासपोर्ट हवा. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात होते, जपून ठेवण्यासाठी म्हणून. कॅम्प बॉस केरळचा, साठीला आलेला माणूस. म्हणाला, "मॅडम, संडे है, ऑफिस खलास." मी एचआरच्या बाईंचा नंबर घेऊन त्यांना मेसेज केला. उत्तर लगेच आलं, आणि ते उद्धटही नव्हतं. इमर्जन्सी लीव्हसाठी ॲपमधून अर्ज करावा, सोबत हॉस्पिटलचा कागद जोडावा, मंजुरी आली की पासपोर्ट मिळेल.

नर्सबाईंनी नाशिकहून कागदाचा फोटो मागवून पाठवला. मी कंपनीचं ॲप त्याच्या फोनवर उघडलं. त्याला त्याचा पासवर्ड माहीत नव्हता, तो कोणीतरी कधीतरी घालून दिला होता. नवीन पासवर्डसाठी ॲपला त्याचा चेहरा हवा होता. स्क्रीनवर एक गोल आला, चेहरा गोलात आणा, डोळे उघडे ठेवा, हलू नका. तेव्हा त्याला रडू फुटलं. इतका वेळ आला नव्हता तो हुंदका नेमका तेव्हा आला. मी फोन त्याच्या तोंडासमोर धरून उभी, तो रडतोय, आणि ॲप म्हणतंय चेहरा ओळखता आला नाही, पुन्हा प्रयत्न करा.

"दादा, एक मिनिट," मी म्हणत होते. "फक्त एक मिनिट डोळे पुसा. समोर बघा. हलू नका."

त्याने पुसले. पुन्हा भरले. चौथ्या वेळेला दुसऱ्या एकाने मागून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, मी ओल्या फडक्याने त्याचा चेहरा पुसला, आणि ॲपने त्याला ओळखलं. पुढे सुटीचं कारण निवडायची यादी होती. लग्न, हज, परीक्षा, नातेवाइकाचा मृत्यू, आजारपण. आजारपण दाबलं तर आणखी एक यादी: स्वतःचं, की कुटुंबातलं. असले फॉर्म कसे भरायचे ते मी ऑफिसांतून शिकवते. यूझर-फ्रेंडली आहेत असं हसून सांगते.

मंजुरी येईना. दुपारचे तीन वाजले. कॅम्प बॉस आपल्या खोलीत गेला होता तो बाहेर आला. मल्याळममध्ये काहीतरी शिवी हासडली, व्हॅनची किल्ली घेतली आणि पासपोर्ट सांभाळणाऱ्या ऑफिसच्या पीआरओच्या घरी जाऊन त्याला उठवून पासपोर्ट घेऊन आला. मंजुरी नंतर आली की नाही ते मी कधी विचारलं नाही. सोमवारी सकाळच्या विमानाचं तिकीट मी काढलं.

त्याला विमानतळावर मी सोडलं.  गाडीतून विमानतळ दिसायला लागल्यावर तो म्हणाला, "तिला वाटलं असेल का, मी मुद्दाम नाय उचलला?"

"नाही," मी म्हटलं. "तिला माहीत होतं. तिने म्हटलंय ना त्यात, की तू उचलणार नाहीस म्हणून."

"ते म्हटलंय," तो म्हणाला. "पण तीन वेळा वाजत होता तेव्हा तिला काय वाटलं असेल?"

मी गाडी डिपार्चरच्या दाराशी लावली. आत जाताना त्याच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, त्यात बाळासाठी घेतलेली पिवळी झबली. ती त्याने महिन्यापूर्वीच घेऊन ठेवली होती. नर्सबाईंचा नंबर मी त्याच्या फोनमध्ये टाकला होता आणि एका कागदावर तो आणि माझा, दोन्ही मोठ्या आकड्यांत लिहून दिले होते, कारण मुंबईला उतरल्यावर त्याचं इथलं सिम चालणार नव्हतं.

दुपारी साडेबाराला मी ऑफिसात असताना नर्सबाईंचा फोन आला. ती गेली होती. तिथे तेव्हा दोन वाजले होते. मी हिशेब केला, तो आता कसारा घाटाच्या आसपास, शेअर टॅक्सीत असेल. त्याला कळवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. इतके रविवार मी त्याला माणसापर्यंत पोचायला शिकवत होते, आणि आता ज्या एका माणसापर्यंत मला पोचायचं होतं त्याच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. आणखी दोन तास तरी त्याला कळणार नव्हतं.

साडेतीनला मी मीटिंगमध्ये होते. फोन थरथरला. भारतातला, अनोळखी नंबर. मी बाहेर धावले.

"ताई, मी पोचलो. हा टॅक्सीवाल्याचा फोन आहे. इथे चार दारं आहेत, सगळ्यांवर लिहिलंय. कुठल्यातून जाऊ?"

मी त्याला सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द आले होते. मागे हॉर्न वाजत होते, कोणीतरी त्याला बाजूला हो म्हणत होतं.

"टॅक्सीवाल्याला वाचायला सांगा," मी म्हटलं. "प्रसूती विभाग. ते दार."

"बरं," तो म्हणाला. "ताई, ती अजून मशिनवरच आहे ना?"

मी म्हटलं, "तुम्ही आत जा. आई तिथेच असतील." आणि फोन ठेवला. मी त्याला उत्तर दिलं नाही. नंतर कळलं, आई पायऱ्यांवरच बसली होती, त्याला बघितल्यावर तिने नुसता हात हलवला, नाही म्हणून.

घरी गेले तेव्हा मुलीने विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं.  मग ती म्हणाली, "बट मॉम, युअर रूल वॉज करेक्ट. एव्हरीवन टीचेस दॅट."

 मी नवऱ्याला म्हटलं, "त्याने मला विचारलं होतं रे. आमच्याकडे कोणाच्याही फोनवरून फोन येतो, असं त्याने सरळ सांगितलं होतं. मी ऐकलंच नाही."

हेच मला आजही सोसवत नाही. मी जिथे राहते तिथे एकेका माणसाचे दोन-दोन फोन असतात, नंबर म्हणजेच माणूस. त्याच्या पाड्यावर फोन हांड्या-कोयत्यासारखा असतो, ज्याचा हाताशी असेल तो मागून घ्यायचा. तिथे घरचा निरोप परक्याच नंबरावरून येतो, आणि अडीअडचणीचा तर हमखास परक्याच. मला ज्याची भीती होती ते मी शिकवलं. त्यांना कशाची भीती आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. त्याने तो आवाज ऐकून लगेच साधा कॉल लावला असता तर ती वाचली असती असं नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. पण ती त्याच्याशी बोलून ॲम्ब्युलन्समध्ये चढली असती.

पुढच्या रविवारी मी कॅम्पवर गेले. जाऊ नये असं वाटत होतं, तरी गेले. आठ जण आले होते. बाकीचे खोल्यांतून बाहेर आले नाहीत. मी माफी मागायला सुरुवात केली, तर ज्याचे पैसे गेले होते तो थोराड माणूस मला मध्येच थांबवून म्हणाला, "ताई, ते राहू द्या. आता सांगा, अनोळखी नंबर उचलायचा का नाय उचलायचा?"

आठही जण माझ्याकडे बघत होते. मी खडू उचलला. शेवटी म्हटलं, "भारतातला असेल तर उचला. घरचा असू शकतो." भारताचा नंबर कसा ओळखायचा, सुरुवातीचे दोन आकडे कसे बघायचे, ते फळ्यावर काढून दाखवलं. त्या दिवशी कोणी काही पाठ म्हटलं नाही.

महिन्याभराने नर्सबाईंच्या फोनवरून माझं त्याच्याशी बोलणं झालं. मुलगी जगली होती. पेटीतून बाहेर आली होती, आजीजवळ होती, दूध विकत घ्यावं लागत होतं. तो परत येणार नव्हता. आईला म्हातारपणी एकटीला बाळ झेपणार नाही म्हणाला.

"तुमचा फोन कुठे आहे?" मी विचारलं. "मी लावते तर बंद येतो."

"आहे. पेटाऱ्यात ठेवलाय."

"नेट नाही का?"

"टेकाडावर येतं की," तो म्हणाला. आणि पुढे, "मी टेकाडावर जात नाय आता."

मी म्हटलं, "दादा, चूक माझी होती."

"तुम्ही नीट शिकवलं, ताई," तो म्हणाला. "मी नीट शिकलो." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरंच तसं मानत होता. असता टोमणा, तर मला झोप लागली असती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, शनिवारी, कॅम्प बॉसचा फोन आला. यावेळी वेगळ्या माणसाचं खातं रिकामं झालं होतं. वर्गातलाच, सगळ्यात लहान चणीचा, चाळिशीचा. त्याची म्हातारी आई पाड्यावर आजारी होती. मी कॅम्पवर गेले तेव्हा तो जेवणघरात एकटाच बसला होता, समोर थाळी तशीच.

"नंबर भारताचा होता, ताई," तो म्हणाला. "तुम्ही दाखवले तेच दोन आकडे. मला वाटलं, आईचं काही असेल. तो म्हणाला, दवाखान्यातून बोलतो. आईचं नाव विचारलं, मी सांगितलं. म्हणाला, पैसे भरल्याशिवाय आत घेणार नाहीत, फोनवर आकडा येईल तो वाच. मी वाचला."

"आई?"

"आई बरी आहे. घरीच आहे. शेजाऱ्याच्या फोनवरून बोललो आता." आणि मग, जणू मलाच समजावत असल्यासारखा, "उचलला नसता आणि आईचाच असता तर, ताई?"

मी त्याच्या शेजारी बाकावर बसले. तक्रार ऑनलाइन करावी लागते, पोलिसांच्या ॲपवर. मी त्याचा फोन मागून घेतला आणि ॲप उघडलं. पहिल्याच पानावर आलं, भाषा निवडा. मी यादी वरून खालपर्यंत सरकवली. त्यात वारली नव्हती. मराठीही नव्हती. तो माझ्या हातातल्या स्क्रीनकडे बघत होता, मी कुठलं चित्र दाबते ते नीट लक्षात ठेवण्यासाठी. मी इंग्रजी दाबलं. पुढच्या पानावर त्यांनी त्याचा चेहरा मागितला.